पिवळी प्रत

शोध नवव्या दिवशी थांबला. जंगल खात्याचा साहेब टोपी हातात घेऊन म्हणाला, "आमच्याकडून होतं तेवढं केलं." लिफ्टवाल्याने विचारलं, "म्हणजे सापडला?" साहेबाला वाटलं, याला नीट ऐकू आलं नसावं. त्याने तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात पुन्हा म्हटलं.

ऐकू व्यवस्थित आलं होतं. पण लिफ्टवाल्याच्या धंद्यात ते वाक्य नव्हतं. चौतीस वर्षं तो शहरातल्या जुन्या लिफ्ट दुरुस्त करत होता. माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, फोन यायचा, तो जायचा. दाराच्या फटीला तोंड लावून तो एकच वाक्य ओरडायचा, "हलू नका, आलोच!" मग कधी दहा मिनिटं लागायची, कधी चार तास. एकदा एक जोडपं भांडता भांडता अडकलं आणि तीन तासांनी बाहेर आलं तेव्हा दोघं मिळून त्याच्याशी भांडायला लागली. ते सगळं चालायचं. आत माणूस असताना हात पुसून घरी जायचं, हे मात्र त्याने कधी केलं नव्हतं, कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं.

या वेळी आत राहिलेला माणूस त्याचा धाकटा भाऊ होता.

दोघांत दहा वर्षांचं अंतर. बापही लिफ्टचंच काम करायचा. तो गेला तेव्हा थोरला एकोणीस वर्षांचा होता आणि धाकटा नऊ. बाप शाफ्टच्या, म्हणजे लिफ्ट जिथून वरखाली होते त्या उभ्या विहिरीच्या, तळाशी उतरून काम करत होता. वरती फ्यूज काढून ठेवलेला होता. कुणीतरी तो परत बसवला. तो कुणीतरी वाईट माणूस नव्हता. त्याला चौथ्या मजल्यावर जायचं होतं, एवढंच.

त्यानंतर थोरल्याने धाकट्याला धंदा शिकवला तो एका नियमापासून. आत उतरणाऱ्याने फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. बाहेर ठेवायचा नाही, बाहेरच्याला सांभाळायला द्यायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही. फ्यूजसोबत खिशात जायची ती कामाची चिठ्ठी. दोघांकडे आपापलं चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं: वर पांढरा कागद, खाली पिवळा, मध्ये कार्बन. जागा, काम, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. उतरण्याआधी चिठ्ठी लिहायची, पांढरी प्रत फाडायची, चार घड्या, फ्यूज, खिसा, खिशाचं बटण. काम संपलं की गिऱ्हाइकाची सही घ्यायची. पिवळी प्रत पुस्तकातच राहायची आणि वर्षअखेरीपर्यंत तिच्याकडे कुणी बघायचं नाही. धाकटा पंधरा वर्षांचा असताना एकदा खिशाचं बटण लावायला विसरला, तर थोरल्याने त्याच्या कानाखाली वाजवली होती. पुन्हा तो विसरला नाही. अठ्ठावीस वर्षं विसरला नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि खाली रस्त्याला लागून कारखाना. कारखाना म्हणायचा इतकंच. एक टेबल, एक शेगडा, गुंडाळून ठेवलेले दोर आणि भिंतीवर दोन खिळे. एका खिळ्यावर थोरल्याची हत्यारांची पिशवी, दुसऱ्यावर धाकट्याची. धाकट्याने लग्न केलं नाही. वहिनी त्याला म्हणायची, "भाऊजी, तुम्हाला पोरगी बघायला गेलं तर तुम्ही तिच्या घराचं दार तपासत बसाल." तो म्हणायचा, "दार नीट लागत नसेल तर पोरगी पळून जाईल ना, वहिनी."

मग चाळिशीनंतर त्याला डोंगराचं वेड लागलं. रविवार आला की पाठीवर पिशवी टाकून चालता व्हायचा.

"काय ठेवलंय तुझं तिथं?" थोरला विचारायचा.

"तिथं छत नाही, दादा."

"छत नाही त्याला आपण पडकं घर म्हणतो."

एका रविवारी तो गेला आणि आला नाही. त्याची स्कूटर डोंगराच्या उत्तरेच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीजवळ उभी होती. कुलूप लावलेलं, सीटवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. म्हणून उत्तरेकडून शोध सुरू झाला. नऊ दिवस माणसं ओढ्याओढ्यांतून हाका मारत फिरली.

दहाव्या दिवशी लिफ्टवाला कामावर गेला. एका इमारतीत धाकट्याने अर्धवट सोडलेलं काम होतं. त्याची पिशवी तिथेच, मशीनच्या खोलीत पडली होती. लिफ्टवाल्याने ती उचलली, न उघडता घरी आणली आणि तिच्या खिळ्याला अडकवली. बायको म्हणाली, "आत डबा असेल. धुवायला हवा." तो म्हणाला, "हात लावू नकोस." तिने लावला नाही. ती मालकाची वस्तू होती आणि मालक बाहेरगावी होता, असं त्या घरात काही दिवस चाललं.

*

तीन आठवड्यांनी त्याने बाईंचा वर्ग गाठला. बाई म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. गळ्यात शिट्टी, पायात जाड बूट, आवाज असा की चालणारे कुत्रेसुद्धा रांगेत यावेत. दर रविवारी सकाळी त्या शाळेच्या मागच्या मैदानावर नवशिक्यांना शिकवायच्या: रानात वाट चुकली तर काय करायचं, पाणी कसं शोधायचं, ओल्या लाकडाचा जाळ कसा करायचा, उघड्यावर ऊब कशी टिकवायची. दोन वर्षांपूर्वी धाकटा इथेच शिकला होता.

वर्गात सगळी विशी-तिशीतली. एक दातांचा डॉक्टर होता, तो त्यांच्यातला वयस्क, अडतीसचा. त्याने लिफ्टवाल्याला जागा करून दिली आणि विचारलं, "काका, तुम्ही कुणाला सोडायला आलात का?"

"आणायला," लिफ्टवाला म्हणाला. डॉक्टरला ते कळलं नाही.

पहिल्या धड्यात बाई म्हणाल्या, "दोर, चाकू, काडेपेटी, सगळं नंतर. पहिलं साधन कागद. कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजता परत येणार, हे लिहायचं आणि कागद घरी ठेवायचा. घरी. मागे राहणाऱ्याच्या हातात. पाठीवरच्या पिशवीत ठेवलेल्या कागदाचा उपयोग फक्त जाळ करायला होतो."

पोरं हसली. लिफ्टवाला शर्टाचं बटण चाचपत बसला.

वर्ग सुटल्यावर तो बाईंजवळ गेला आणि आपण कोण ते सांगितलं. बाईंनी शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाल्या, "मी तुमची वाटच बघत होते. शोधात आपली गाठ पडली नाही. मला एक विचारायचं होतं. त्यानं कागद ठेवला नव्हता का? तो न चुकता लिहायचा हो. माझ्यासमोर लिहिलाय त्यानं कितीदा."

"कुणाला द्यायचा?"

"तुम्हाला, असंच धरून चालले होते मी."

घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, "तुझ्याकडे त्यानं कधी कागद दिला होता? जाताना?"

ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "मला दिला असता तर मी नऊ दिवस तोंड शिवून बसले असते का?"

"नाही, म्हणजे आधी कधी."

"कधीच नाही. तुम्हाला?"

"नाही."

म्हणजे तो लिहायचा आणि सोबत घेऊन जायचा. बाहेरच्या माणसावर विसंबायचं नाही, सख्ख्या भावावरही नाही. हे कुणी शिकवलं, ते त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं. बायकोने पुन्हा कणीक मळायला घेतली. गरजेपेक्षा बराच वेळ ती मळत राहिली.

त्या दिवसापासून लिफ्टवाल्याच्या मनात एकच गोष्ट घिरट्या घालू लागली. भाऊ मेला असेल, हे त्याने मान्य केलं होतं. महिनाभर रानात कोण जगतं? पण आत जाताना त्याने आपल्याकडे पाहिलं, कागद हातात धरला, आणि आपल्याला द्यायचा नाही असं ठरवलं, हे दृश्य त्याला उठताबसता दिसायचं. त्यात भावाचा चेहरा स्पष्ट होता. कानाखाली वाजल्यावर होता तसाच, पंधरा वर्षांचा.

त्याला भावाला खाली आणायचं होतं. त्यासाठी डोंगर शिकायचा होता, आणि डोंगर त्याला येत नव्हता.

हात चांगले होते, ते कामी यायचे. गाठी त्याने बाईंनाच दोन नव्या शिकवल्या. पण मोकळ्या जागेत त्याचा जीव घाबरा व्हायचा. वीस मजले खोल शाफ्टमध्ये तो शीळ घालत उतरायचा, कारण चारही भिंती हाताशी असायच्या. उघड्या धारेवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना काहीच नसायचं आणि तो तिथेच खाली बसून घ्यायचा. तो उंची मजल्यांत मोजायचा. "हा कडा अकरा मजल्यांचा," असं म्हणाला की पोरं हसायची. त्यांनी त्याचं नाव मजलेकाका ठेवलं. होकायंत्राच्या धड्याला त्याचा काटा भलतीकडेच जायचा. बाई वैतागल्या. "खिशात काय आहे तुमच्या? काढा." त्याने काढलं: पाना, पक्कड, सात स्क्रू, लोहचुंबकाचा एक तुकडा.

"मजलेकाका," डॉक्टर म्हणाला, "उत्तर तुमच्या खिशातच आहे की!"

सगळे पोट धरून हसले. तोही हसला. सात आठवड्यांत पहिल्यांदा हसला आणि मग त्याला इतकं अपराधी वाटलं की तो झाडामागे जाऊन उभा राहिला.

सहाव्या रविवारी बाईंनी सांगितलं, पुढच्या पंधरवड्यात डोंगर बंद होणार; जंगल खातं पाच महिने कुणाला वर सोडणार नाही. त्याने बाईंना गाठलं.

"मला घेऊन चला."

"उत्तरेची बाजू पिंजून झालीय. मी स्वतः होते त्या शोधात. चार दिवस."

"मग एकटा जातो."

"तुम्हाला अजून सरळ उभं राहता येत नाही वरती! एकाचा शोध संपला नाही तोवर दुसऱ्याचा लावायचाय का मला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, घरी कुणीतरी आहे ना तुमचं?"

"तेच तर," तो म्हणाला. "वर राहिलंय तेही घरातलंच आहे."

*

मंगळवारी सकाळी त्याने बायकोला सांगितलं, एका जुन्या इमारतीत दोर बदलायचाय, संध्याकाळ होईल. कारखान्यात टेबलाशी बसून त्याने आपलं चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. जागा: डोंगर, उत्तरेची पायवाट, दुसऱ्या ओढ्यापासून डावीकडे. काम: इथे पेन अडलं. मग त्याने लिहिलं, अडकलेला माणूस बाहेर काढणे. आत: सकाळी सात. बाहेर: संध्याकाळी पाच.

आपण भावासारखं करायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. चिठ्ठी चहाच्या डब्याखाली ठेवायची. चार वाजता ती चहा करेल तेव्हा तिला मिळेल. तोवर आपण इतके वर असू की ती आरडाओरडा करून काही उपयोग नाही. सगळा विचार झाला होता. त्याने पांढरी प्रत फाडली.

दुसरा ओढा त्याने साडेनऊला ओलांडला. डावीकडे वाट नव्हती, वाटेसारखं काहीतरी होतं. अकराच्या सुमारास ते संपलं. पुढे उतार, सुटे दगड, वाळकं गवत. तो बसून सरकत उतरू लागला, जसं माणसं रांगत्या मुलाला जिना उतरायला शिकवतात तसं. मग हाताखालचा दगड निघाला. दीड मजला, त्याने नंतर हिशेब केला. दीड मजल्याने काही माणूस मरत नाही. डावा घोटा मात्र बुटाच्या आत असा वळला की त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं.

शुद्धीवर येऊन त्याने शिकल्याप्रमाणे एकेक केलं. आधी बसून राहिला आणि शंभर आकडे मोजले. घोटा बांधला. पाणी मोजलं: अर्धी बाटली. आजूबाजूला पाहिलं: एका घळीत होता, दोन्ही बाजूंना खडक, हाताशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच डोंगरावर त्याला भीती वाटली नाही. शाफ्टच होता तो. फक्त वर मशीनची खोली नव्हती. त्याने तीनदा शिट्टी वाजवली, थांबला, परत तीनदा. वाळका पाला ओढून ओढून जमेल तेवढा ढीग केला. चार वाजले. आता ती चहाचा डबा उचलत असेल. शिव्या घालत असेल. बाईंचा नंबर शोधत असेल.

जाळ करायला त्याने काडेपेटी काढली. ती शर्टाच्या खिशात होती. बटण उघडून बोटं आत घातली तर काडेपेटीआधी कागद लागला. चार घड्या.

त्याने तो उघडला नाही. उघडायची गरज नव्हती. आपण चहाच्या डब्याखाली काय ठेवलं, हे तो आठवू लागला. त्याला तो डबा स्पष्ट आठवत होता, त्यावरचा पोचा आठवत होता. पण डबा उचलल्याचं आठवत नव्हतं. त्याने प्रत फाडली होती, आणि पुढचं हाताने केलं होतं. चार घड्या, खिसा, बटण. चौतीस वर्षांच्या हाताने. डोकं डब्याचा विचार करत होतं आणि हात आपलं काम उरकत होता.

तो ओरडला. शिट्टीची आठवणही न राहता नुसता ओरडला, जनावरासारखा. घळीने तो आवाज वर नेला आणि तसाच खाली आणून दिला. कुणालाही माहीत नव्हतं तो कुठे आहे. बायको एका जुन्या इमारतीचा विचार करत होती. शहरात जुन्या इमारती शेकड्यांनी होत्या.

मग हळूहळू दुसरी गोष्ट उजाडली. धाकट्याने आपल्याकडे पाहून काहीही ठरवलं नव्हतं. त्यानेही कागद लिहिला असेल तो ठेवायलाच. वहिनीला द्यायला, नाहीतर दादाच्या चपलेत खोचायला. आणि त्याचाही हात. तो पंधरा वर्षांचा चेहरा, इतके आठवडे समोर उभा होता तो, बाजूला झाला. लिफ्टवाला पाल्यात बसून रडला. त्या रडण्यात सुखही होतं, आणि ते सुख जेमतेम एक मिनिट टिकलं.

कारण कागद पांढरा होता. पांढऱ्याखाली कार्बन असतो. कार्बनखाली पिवळा.

त्याची पिवळी प्रत कारखान्यात टेबलावरच्या पुस्तकात होती. आणि धाकटा चिठ्ठी लिहायचा ती आणखी कशावर लिहिणार? घरात दुसरा कागद कधी असायचा? धाकट्याचं पुस्तक त्याच्या पिशवीत; शनिवारी काम सोडताना त्याने तिथेच चिठ्ठी लिहिली असणार. पिशवी खिळ्याला. शोध चालू असताना सगळे नऊ दिवस ती त्या मशीनच्या खोलीत होती, आणि नंतरचे सगळे दिवस त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. हात लावू नकोस, असं त्यानेच सांगितलं होतं.

अडकल्यावर हलायचं नाही. हे त्याने हजार माणसांना सांगितलं असेल. तो हलला. एक पाय ओढत, कोपरांवर, दगडांवरून तो घळीतून वर सरपटू लागला, घरी जायला, पिशवी उघडायला. दहा हात गेला आणि परत खाली आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी नखं उचकटली. मग अंधार पडला. रात्र कशी गेली, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

*

बायकोने चार वाजता चहा केला आणि डब्याखाली काही नव्हतं. सातपर्यंत ती थांबली. मग इमारतीचा पत्ता मिळेल म्हणून खाली जाऊन तिने चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. शेवटच्या पिवळ्या पानावर, फिकट निळ्या अक्षरांत, डोंगर लिहिला होता. काम काय, तेही लिहिलं होतं. ती तशीच बाईंच्या घरी गेली आणि दारातच पुस्तक पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत बाई आणि खात्याचे दोघं घळीच्या तोंडाशी पोचले. वरून बाईंचा तो आवाज आला, "हलू नका! आलो आम्ही!"

खालून त्याचा आवाज आला. तो म्हणत होता, "धाकट्याची पिशवी उघडा."

त्यांना वाटलं, डोकं फिरलं. स्ट्रेचरवरून नेताना तो तेच बोलत राहिला, पुन्हा पुन्हा, प्रत्येकाला. पायथ्याशी बायको उभी होती. तिला एकदाच सांगावं लागलं.

धाकट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या पिवळ्या पानावर अक्षर नेहमीसारखंच नेटकं होतं. जागा: डोंगर. स्कूटर उत्तरेला ठेवणार. तिथून बसने दक्षिणेला. दक्षिणेकडून चढणार, तिसऱ्या टप्प्यावर पाणी आहे तिथे जेवण, मग उत्तरेला उतरणार. काम: काही नाही, मजा. आत: सकाळी सात. बाहेर: संध्याकाळी सहा. आणि सहीच्या रकान्यात, जिथे गिऱ्हाइकाचं नाव असतं, तिथे त्याने लिहिलं होतं: वहिनी.

दक्षिणेला कुणी गेलंच नव्हतं.

डोंगर बंद व्हायला चार दिवस उरले होते. घोट्याला प्लास्टर, दोन्ही काखांत कुबड्या. बाईंनी त्याला नको म्हटलं नाही. खात्याच्या चौघांनी त्याला आळीपाळीने उचललं. तिसऱ्या टप्प्यावर, पाण्यापासून वीस पावलांवर, एका कपारीत धाकटा होता. पाय मोडला होता. काठ्या लावून, नीट गाठी मारून त्याने तो बांधला होता. अंगाखाली हातभर जाड पाल्याची गादी होती, शिकवली तशीच. बाईंनी ती पाहिली आणि तोंड फिरवलं. बाटली भरलेली होती. तो जागचा हलला नव्हता. अडकल्यावर हलायचं नाही, कुणीतरी येतच असतं.

खिशाचं बटण लावलेलं होतं.

कपारीच्या भिंतीशी लहान लहान दगड एका ओळीत मांडलेले होते, एकसारखे, निवडून घेतलेले. लिफ्टवाल्याने कुबड्या टाकल्या, जमिनीवर बसला आणि मोजले. पुन्हा मोजले. मग बाईंनी मोजले, ओठ न हलवता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. निघताना त्याने ते सगळे दगड उचलून एकेक करून दरीत टाकले.

घरी आल्यावर बायकोने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई भेटायला आल्या. चहा झाला. तिने कप गोळा केले, आणि ते हातात असतानाच विचारलं, "किती दिवस जिवंत होते भाऊजी? तिथं काही कळलं का?"

"आठ," लिफ्टवाला म्हणाला.

तिने बाईंकडे पाहिलं.

"आठच," बाई म्हणाल्या.

शोध नवव्या दिवशी थांबला होता. तिने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. दोघंही अजिबात अडखळले नव्हते. ती कप घेऊन आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत होता, पण कप आपटल्याचा एकही आवाज आला नाही.

प्लास्टर निघाल्यावर पहिला फोन आला तो एका सात मजली इमारतीतून. तो खाली कारखान्यात गेला, पुस्तक उघडलं, चिठ्ठी लिहिली, पांढरी प्रत फाडली. शाफ्टमध्ये उतरायचं तर नियम तोच होता, आणि तो बरोबर होता, आणि त्याला त्यावर काही उपाय सुचत नव्हता. तो पिशवी घेऊन दाराशी आला. बायको तिथे उभी होती, तळहात पुढे करून.

"कशाला? कामावर चाललोय," तो म्हणाला. "पिवळी आहे ना पुस्तकात."

तिने त्याच्या खिशाचं बटण उघडलं, चार घड्यांचा कागद बाहेर काढला आणि आत चहाच्या डब्याखाली ठेवून आली. मग परत येऊन तिने बटण लावून दिलं.